तीन पिढ्या, सात माणसं आणि अलास्काची क्रूझ: बंदरांवरचे दिवस कसे आखावेत?

पागोळी | १८ जानेवारी

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ घ्यायचं मनात आहे. आम्ही इथे जवळच राहतो. माझे आई-बाबा (७४ आणि ७९) रत्नागिरीहून येतील, त्यांच्यासोबत ठाण्याचा भाचा येईल. तो १७ वर्षांचा, नुकतीच बारावी झालेली असेल. भाऊ-वहिनींना रजा नाही. शिवाय आम्ही दोघं, लेक १६ आणि मुलगा १३.

थांबे असे: जुनो, स्कॅग्वे, मग एक पूर्ण दिवस ग्लेशियर बे (तिथे उतरायचं नाही, बोटीवरूनच बघायचं), केचिकॅन, आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया.

बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. अर्धा किलोमीटर चालतात, मग बसावं लागतं. "मी बसतो इथे, तुम्ही या जाऊन" हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयारच असतं आणि ते ऐकलं की माझा पाय पुढे पडत नाही. आई चालायला खणखणीत, पण समुद्राची तिला भीती. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात तिचा सख्खा मामा होता. आईचा जन्म त्यानंतरचा, पण दर आषाढी अमावास्येला आजीच्या तोंडून ती ते ऐकतच वाढली.

मुलांचं म्हणाल तर लेकीला 'सगळे मिळून' ह्या शब्दांचाच वीट आलाय. मुलाला सगळंच करायचंय. भाचा फार बोलत नाही, आणि आम्ही त्याला चार वर्षांनी भेटणार आहोत.

प्रत्येक बंदरावर सहा ते नऊ तास मिळतात. सात जणांनी एकत्र फिरायचं की गट पाडायचे? बोटवाल्यांच्या सहली घ्याव्यात की आपल्या आपण? केलेल्यांनी सांगा, प्लीज.

रानजाई | १८ जानेवारी

वाचतेय. आम्हीही साबा-साबुंना (सासूबाई-सासरेबुवांना) घेऊन जायचं म्हणतोय, पुढच्या वर्षी. आईंच्या भीतीबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना यायचंय का, हे नक्की विचारलंत ना?

दीपस्तंभ | १९ जानेवारी

फिरण्याआधी कागद बघा. सिॲटलहून सुटणारी बोट व्हिक्टोरियाला थांबते ती तिथली फुलं दाखवायला नव्हे. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, त्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदर न करता अमेरिकेतच सोडता येत नाही. मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्या परदेशी नोंदणीच्या. म्हणून चार तासांपुरतं का होईना, कॅनडाला टेकावं लागतं. (२०२१ मध्ये कॅनडाची बंदरं बंद होती तेव्हा अमेरिकेला खास कायदा करून सूट द्यावी लागली होती.)

तुमच्यासाठी ह्याचा अर्थ असा की भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या तिघांना, आई, बाबा आणि भाचा, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल. व्हिक्टोरियाला उतरणार नसाल तरी. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही हवेत. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघून घ्या, कारण तुम्ही कॅनडातून परत आत येणार.

आणि भाचा सज्ञान नाही, आईवडील सोबत नाहीत. दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. त्यात कोण नेतंय, कुठून कुठे, कोणत्या तारखा, आजारी पडल्यास उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, सगळं स्पष्ट लिहा. बोट कंपनीचा स्वतःचा फॉर्म वेगळा असतो, तोही भरा.

आई-बाबांचा विमा समुद्रावर आणि कॅनडात चालतो का, हेही लेखी विचारून घ्या. बोटीवर डॉक्टर असतात, पण बिल तुमच्या खात्यावर लागतं. हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर आकडा फार मोठा असतो.

माडबन | २० जानेवारी

अँकोरेजला आठ वर्षं राहिले, दोनदा क्रूझ केली, एकदा माझ्या आईला घेऊन. सविस्तर लिहिते.

जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच येत नाही. बोटीने या नाहीतर विमानाने. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून १२-१३ मैलांवर. धक्क्यावरून बस सुटतात. तिथे दोन वाटा आहेत आणि तुमच्या घराला दोन्ही लागू पडतात. फोटो पॉइंटची वाट अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, गुळगुळीत, व्हीलचेअर जाईल अशी. बाबा तिथे जातील. नगेट धबधब्याची वाट एका बाजूला मैलभर, सपाट पण खडीची. मुलं तिकडे जातील. दोन्ही एकाच ठिकाणाहून सुटतात, त्यामुळे बस एक, वेळ एक, परत भेटायची जागा एक. गट पाडायचे तर असे पाडा, की कोणालाच मागे राहिल्यासारखं वाटू नये.

व्हेल बघायची बोट जुनोलाच घ्या, दुसरीकडे नको. हंपबॅक व्हेल हिवाळा हवाई बेटांकडे काढतात, पिल्लं तिथे होतात, आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात. जूनमध्ये भरपूर असतात. बंद केबिनची, शौचालय असलेली बोट निवडा. पाणी खाडीच्या आतलं आहे, फार हलत नाही.

हलण्यावरून आठवलं. सिॲटलहून सुटणाऱ्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकवरून जातात. पहिली रात्र आणि दुसरा दिवस बोट डोलते. व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या आतल्या खाड्यांतून जातात, त्या शांत. आईंना भीती आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय. सिॲटलच ठरलं असेल तर केबिन मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वरच्या मजल्यांवर आणि टोकांना हेलकावा जास्त लागतो.

स्कॅग्वेला व्हाइट पासची रेल्वे. १८९८ मध्ये काम सुरू करून १९०० मध्ये पूर्ण केली, तीन फूट रुंदीचा रूळ, वीसेक मैलांत जवळजवळ २९०० फूट चढते. ह्यात काहीच वाटून घ्यायचं नाही. सातही जण एका डब्यात बसा. सोन्याच्या शोधात माणसं ह्याच खिंडीतून गेली. कॅनडाचे पोलीस सरहद्दीवर प्रत्येकाकडे वर्षभराचा शिधा आहे का बघायचे, साधारण टनभर सामान. ते वाहून नेताना ह्या वाटेवर तीनेक हजार घोडे मेले. तेराव्या वर्षाच्या मुलाला हे सगळं खिडकीतून दिसतं तेव्हा तो गप्प होतो, मी माझा बघितलाय.

केचिकॅनला पाऊस. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोकणासारखाच. छत्री नको, टोपीचं जॅकेट घ्या. ओढ्यावर खांबांवर उभारलेली क्रीक स्ट्रीट धक्क्यापासून चालत जाण्यासारखी आहे.

बोटवाल्यांची सहल महाग पडते, पण ती उशिरा आली तर बोट थांबते किंवा पुढची सोय करून देते. आपल्या आपण गेलात आणि चुकलात तर बोट निघून जाते. मी म्हणेन, व्हेल आणि रेल्वे बोटीतर्फे घ्या, गावात आपलं आपण फिरा.

कंदील | २० जानेवारी

माझं मत थोडं वेगळं आहे. इतका खर्च करून, इतक्या लांबून आई-बाबांना आणून, मग गट कशाला? मुलांना जे दिसायचं ते पुढे आयुष्यभर दिसेल. माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यासोबत केलेल्या शेवटच्या सहलीत मी 'तुम्ही बसा, आम्ही येतो' म्हणून तासभर एका किल्ल्यावर चढून आलो. त्या तासात काय बघितलं ते आता आठवतही नाही. ते खाली चहाच्या टपरीवर बसले होते, एवढंच आठवतं. बाबांच्या चालीने सगळ्यांनी चाला, एवढंच सांगायचंय.

निळीशाई | २१ जानेवारी

कंदील, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तरीही मुलांच्या बाजूने लिहिते.

बोटीवर १३ ते १७ वयाच्या मुलांची वेगळी जागा असते. पहिल्या संध्याकाळी तिथे ओळखी होतात आणि त्याच आठवडाभर टिकतात. आम्ही लेकीला पहिल्या रात्री 'आज सगळ्यांनी एकत्र जेवायचंच' म्हणून टेबलावर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली तेव्हा गट पडले होते, आणि उरलेले सहा दिवस ती केबिनमध्ये हेडफोन लावून पडून राहिली. पहिली रात्र मुलांना द्या. एकत्र जेवण दुसऱ्या दिवसापासून ठेवा, आणि रोज त्याच वेळी, म्हणजे त्यावर रोज वाद नको.

फोन बोटीवर चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर. समुद्रावरचं मोबाइल नेटवर्क बोटीचं असतं आणि दर भयंकर. अलास्काचं घड्याळ सिॲटलच्या एक तास मागे आहे, त्यामुळे फोनची वेळ आणि बोटीची वेळ जुळतेय ना ते रोज बघा. दोन्ही मोठ्या मुलांना साधी मनगटी घड्याळं द्या, बोटीच्या वेळेला लावलेली. धक्क्यावर परत यायची वेळ ती एकच.

सातूचंपीठ | २३ जानेवारी

मी ७१ वर्षांची, नाशिकला असते. फारशी लिहीत नाही, पण ह्या धाग्यावर आमच्या वयाचं कोणीच बोललेलं दिसलं नाही.

मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतची क्रूझ केली. फुकेतला बोट किनाऱ्याला लागत नाही, लहान होडीत उतरून जावं लागतं. होडी आणि पायरीच्या मध्ये फट असते, होडी वरखाली होते. आदल्या रात्री मुलाने सांगितलं, "आई, उद्या तू बोटीवरच आराम कर." त्याच्या मनात काळजीच होती. मी सहा तास बाल्कनीत बसून किनारा बघितला. मी दमले नव्हते. मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आधी पेनांगला उलट झालं होतं. नातू सकाळी खोलीत आला नि म्हणाला, "आजी, लिटल इंडिया इथून चालत पंधरा मिनिटं आहे, ऊन आहे, मध्ये बसायला जागा नाही, पोचल्यावर आहे. येतेस?" मी म्हटलं, येते. दमले, घामाघूम झाले, आणि तिथे केळीच्या पानावर इडली खाल्ली. तो दिवस माझा.

तेव्हा पागोळी, गट पाडू की नको हा प्रश्न तुम्ही आम्हाला विचारताय, तो बाबांना विचारा. पण नुसतं "जमेल का हो?" असं नको. तसं विचारलं की आम्ही नाहीच म्हणतो, तुमचा खोळंबा नको म्हणून. किती पायऱ्या, किती मिनिटं चाल, बसायला कुठे, शौचालय कुठे, परत कधी, हे सगळं सांगा आणि मग गप्प बसा. ठरवू द्या. आणि ते खरंच "मी बसतो" म्हणाले, तर त्यांना खरंच बसायचं असेल. तेही चालतं.

कंदील, तुमचे बाबा चहा पीत बसले होते. चांगल्या जागी बसले असतील तर मनाला लावून घेऊ नका.

कंदील | २३ जानेवारी

धन्यवाद, मावशी.

पागोळी | २६ जानेवारी

सगळ्यांचे आभार. सातूचंपीठ काकू, तुमची पोस्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "पायऱ्यांची यादी पाठव." भाच्याने सगळ्या थांब्यांची माहिती काढून मोठ्या अक्षरात कागदावर उतरवली आणि आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बसून एकेक ठरवलं. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "यायचंय. पण माझी खोली आतली घ्या, पाणी दिसायला नको." तिघांच्या कॅनडा व्हिशाचे अर्ज भरतोय.

पागोळी | ३ जुलै

आलो. उशीर झाला लिहायला, कारण आई-बाबा आणि भाचा कालच परत गेले आणि घर इतकं रिकामं वाटतंय की काही सुचतच नव्हतं.

पहिली रात्र निळीशाईने सांगितलं तसं केलं. लेक आणि भाचा तिकडे गेले, परत आले तेव्हा एकमेकांशी बोलत होते. दुसरा दिवस उघड्या समुद्रावर होता आणि बोट डोलली. आई आतल्या केबिनमध्ये पडून होती. आम्ही आल्याचे तुकडे आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली गोळी दिली. पण तिची तब्येत सावरली ती दुपारी, जेवणाच्या हॉलमध्ये. आम्ही आधीच कळवलं होतं की आई अंडंही खात नाही. वरण-भाताचं ताट घेऊन जे गृहस्थ आले ते गोव्याचे निघाले. बोटीवर जाणाऱ्यांना तिकडे तारवटी म्हणतात. आई मालवणीत, ते कोंकणीत. वीस वर्षं समुद्रावर आहेत म्हणाले. आईने विचारलं, "भय नाही वाटत?" त्यांनी जे उत्तर दिलं ते आईने आम्हाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी ती डेकवर आली, काचेच्या आतल्या बाजूला बसली.

आता जे मुळीच आखलेलं नव्हतं ते सांगते. आम्ही त्यांना क्रूझच्या चारच दिवस आधी बोलावलं होतं, तिकिटं तशी मिळाली. त्यामुळे बाबा आणि भाचा दोघांनाही जेट लॅग होता. पहाटे साडेतीनला दोघांचे डोळे टक्क उघडे. आणि जूनमध्ये तिकडे चारला उजाडतं. दोघं रोज पहाटे ब्लँकेट गुंडाळून डेकवर. माझा मुलगा आणि आम्ही साडेसातला उठायचो तोवर त्यांनी दोन वेळा चहा घेतलेला असायचा. जुनोच्या सकाळी त्यांनी डेकवरून तीन व्हेल बघितल्या, पाण्याचे फवारे. आम्ही पैसे भरून त्याच दुपारी गेलो तेव्हा दोन दिसल्या!

बाबा त्याला कोकणच्या बोटींबद्दल सांगायचे. भाऊच्या धक्क्यावरून रात्री निघायचं, पावसाळ्यात बोटी बंद, बंदराला बोट लागायची नाही म्हणून पडाव यायचे आणि लाटेचा अंदाज घेऊन खलाशी माणसाला उचलून पडावात ठेवायचे. ह्यातलं निम्मं मीही ऐकलेलं नव्हतं. जो मुलगा चार शब्द बोलत नव्हता तो हे फोनवर रेकॉर्ड करत होता. सहा पहाटांचं रेकॉर्डिंग आहे.

जुनोला माडबनने सांगितल्याप्रमाणेच. बाबांनी कागद बघून स्वतः ठरवलं होतं: फोटो पॉइंट, मग बाकावर. मुलं नगेटला गेली. मी बाबांसोबत थांबले तर मलाच म्हणाले, "तू जा. मला ही नदी एकट्याने बघायचीय." गेले. काकू, तुमच्यामुळे जाऊ शकले.

स्कॅग्वेला सातही जण एका डब्यात होतो. केचिकॅनला अर्थात पाऊस, आणि तो बघून आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं हसू. तिथे लेक आणि भाचा दोघंच फिरले, अडीच तास. मी घड्याळाकडे बघत धक्क्यावर उभी होते. दहा मिनिटं आधी आले, आजीसाठी साल्मन कोरलेला लाकडी चमचा घेऊन.

ग्लेशियर बेबद्दल जरा जास्त लिहिते. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत सोडतात. सकाळी लहान बोटीतून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर येऊन चढतात आणि दिवसभर माईकवर सांगत राहतात. १७९४ मध्ये इथे खाडीच नव्हती, तोंडापर्यंत बर्फच होतं. १८७९ पर्यंत बर्फ चाळीसहून जास्त मैल मागे गेलं होतं. त्याआधी, बर्फ पुढे सरकत आलं तेव्हा, तिथल्या मूळच्या हूना त्लिंगित लोकांना गावं सोडून पळावं लागलं होतं. बाबांना हे भिडलं. कोयनेच्या धरणात उठलेल्या गावांतले त्यांचे दोन विद्यार्थी होते, त्यांची नावं त्यांनी घेतली.

मार्जरी हिमनदीसमोर बोट तासभर उभी होती. पाण्यावर अडीचशे फूट उंच निळी भिंत. बर्फाचा कडा कोसळलेला आधी दिसतो आणि आवाज मग येतो, सुरुंगासारखा. सगळे कठड्याला. वळून बघते तर आई काचेच्या बाहेर होती. भाच्याचा दंड दोन्ही हातांनी धरून, पण बाहेर. बर्फाचे तुकडे तरंगत होते, पाणी अगदी शांत होतं. ती खाली पाण्याकडे बघत होती. मी जवळ गेले नाही.

रानजाई | ३ जुलै

वाचताना दोनदा थांबावं लागलं. पागोळी, व्हिक्टोरियाला उतरलात का? आणि स्कॅग्वेच्या गाडीत बाबा कसे चढले? साबुंना तीन पायऱ्याही अवघड जातात.

पागोळी | ४ जुलै

व्हिक्टोरियाला आम्ही चौघंच उतरलो, बोट रात्री लागली आणि आई-बाबा झोपले होते. भाचा त्यांच्याजवळ थांबला, स्वतःहून. संमतिपत्र बोटीवर चढताना बघितलं, कॅनडाचे व्हिसेही तेव्हाच. सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवा.

गाडीला लिफ्ट असलेले डबे आहेत, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं, ऐनवेळी नाही. जाताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला. माथ्यावर गाडी वळत नाही, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि बाकांच्या पाठी उलट्या करून लोक बाजू बदलतात, त्यामुळे दोन्हीकडच्यांना दरी मिळते. बाबा माथेरानच्या गाडीशी ताडून बघत होते. तिचा रूळ दोन फुटी, हिचा तीन. साबुंसाठी खिडकीजवळची जागा मागा, आणि जायच्या आधी पायऱ्यांचा कागद त्यांच्या हातात द्या.